यामाहा सुपरजेट ७०१ (पाण्यावर उभं राहून चालवायची जेट-स्की) फुल थ्रॉटलला दम सोडते. कार्ब्युरेटरचे स्क्रू किती फिरवू?

स्क्रूला अजून हात लावू नका. तुम्हीच लिहिलंय की १९९८ची गाडी, दोन मिकुनी ३८ मिमीचे कार्ब, सगळं कंपनीचंच, आणि सप्टेंबरात ती उत्तम चालत होती. मग मिशिगनचा हिवाळा तिनं गॅरेजमध्ये काढला. आता अर्ध्या थ्रॉटलपर्यंत ठीक चालते, पूर्ण दाबला की ‘भऽऽ’ करून बसते, आणि चार-पाच मिनिटं चालवल्यावर जास्तच. पण गॅरेजमध्ये उभ्या गाडीचे स्क्रू आपोआप फिरत नाहीत आणि जेटचा (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाचा) नंबरही बदलत नाही. बिघडलंय ते दुसरंच काहीतरी. ते सापडायच्या आत मेन जेट मोठा टाकलात, तर दुखणं झाकलं जाईल आणि पिस्टन जाईल.

हे मी ठामपणे सांगतोय, कारण माझा पिस्टन असाच गेलाय. मी फिनिक्सला राहतो, लेक प्लेझंटवर चालवतो. माझी सुपरजेट अशीच वरच्या रेंजला कोरडी पडायला लागली. मी मेन जेट दोन नंबर मोठा टाकला, गाडी खूश, मीही खूश. तीन आठवड्यांनी जुलैच्या उन्हात ती पाण्याच्या मधोमध बंद पडली. पुढचा प्लग काढून उन्हात धरला, तर पांढऱ्या पोर्सिलीनवर मिठाच्या कणांएवढे चंदेरी ठिपके. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. मुळात फ्लायव्हीलकडचं क्रँक सील (इंजिन हवाबंद ठेवणारं रबर) हवा ओढत होतं. जेट वाढवून मी त्यावर पांघरूण घातलं, आणि सील फाटत राहिलं.

टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त का भोवतं, ते बघा. सुपरजेटमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल. म्हणजे पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी जातं. इंजिन तापतं आणि त्याच क्षणी वंगणही आटतं. म्हणून लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) चालणारी गाडी ‘किनाऱ्यापर्यंत तरी नेऊ’ म्हणून दामटू नका, थ्रॉटल सोडा.

आता आधी खात्री करा की पेट्रोलच कमी पडतंय. गाडी पाण्यात गरम होऊ द्या, फुल थ्रॉटल द्या, आणि ती बसायला लागली की चोक क्षणभर थोडासा ओढा. (आधीच्या मालकानं चोक काढून प्रायमर बसवला असेल, तर एक झटका प्रायमरचा.) गाडीनं उचल खाल्ली तर लीन. आणखी गुदमरली तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. रिच गाडीचा आवाजही वेगळा असतो, भडभड करत अडखळते आणि मागे धूर सोडते. लीन गाडी सरळ हवा गेल्यासारखी बसते. तुमच्या वर्णनावरून मला लीन वाटतंय. इंजिनाचा आवाज चढत असता आणि गाडी मात्र पुढे सरकत नसती, तर मी कार्बकडे बघितलंच नसतं, जेट पंपात (पाणी मागे फेकून गाडी ढकलणाऱ्या पंख्याच्या नळकांड्यात) शेवाळ किंवा दोरी अडकलीय का, पंख्याभोवतीची वेअर रिंग घासलीय का, हे बघायला सांगितलं असतं.

लीन ठरलं, तर पुढच्या दोन गोष्टींना एक पैसा लागत नाही. गाडी बसायला लागली की थांबा आणि पेट्रोल टाकीचं झाकण सैल करा. ‘फुस्स’ असा आवाज आला आणि नंतर गाडी पळाली, तर टाकीच्या हवेच्या नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह चिकटलाय. टाकीत हवा जात नाही, म्हणून पेट्रोल बाहेर येत नाही. चार-पाच मिनिटांनी त्रास वाढतो म्हणता ना, त्यामुळे माझा पहिला संशय इथेच आहे. दुसरा संशय ऑन-रिझर्व्ह-ऑफच्या नॉबवर. पंचवीस वर्षांत त्याच्या आतले ओ-रिंग फुगतात, कचरा साठतो. पाच मिनिटांसाठी तो नॉब वगळून टाकीची नळी थेट फिल्टरला जोडा आणि चालवून बघा. हे करताना हुड उघडं ठेवा, वास पूर्ण गेल्याशिवाय स्टार्टर मारू नका. त्या बंद पोटात पेट्रोलची वाफ खाली बसते, आणि स्टार्टरच्या एका ठिणगीनं आग लागते.

हिवाळ्यात उभ्या गाडीत पेट्रोलही संशयित आहे. अमेरिकेतल्या पंपावरचं साधं पेट्रोल म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जुनं सगळं काढून टाका. मरीनावर बिनइथेनॉलचं मिळतं, ते भरा. महाग पडतं, पण या गाडीला तेच घालावं असं माझं मत आहे.

एवढं करून फरक नाही पडला, तर कार्ब उघडायचे. त्याआधी कॉम्प्रेशन मोजा. दोन्ही प्लग बाहेर, प्लगच्या वायरी नीट अर्थ केलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, १० टक्क्यांच्या आत हवा. जास्त असेल तर कार्ब साफ करून काहीही होणार नाही.

तुम्ही विचारलंय की आरएक्स-१०० आणि चेतकचे कार्ब उघडलेत, तेवढा अनुभव पुरेल का? हात पुरेल, पण डोक्यातलं चित्र बदलावं लागेल. तिथे खाली वाटी असते, तिच्यात फ्लोट तरंगतो, पेट्रोल भरलं की सुई बंद. ही गाडी तर पाण्यात आडवी होते, उलटी होते. वाटी असती तर पेट्रोल सांडलं असतं. म्हणून इथे वाटीच नाही. एक पातळ रबरी पडदा असतो. इंजिन पेट्रोल ओढतं तसा तो आत खेचला जातो, छोट्याशा लिव्हरला दाबतो आणि सुई उघडते. पेट्रोलचा पंपही पडद्याचाच, आणि तो क्रँककेसच्या धडधडीवर चालतो. ती धडधड एका नळीतून येते. ती पल्स नळी मऊ पडली किंवा चिरली की पंप अर्धाच चालतो. कमी वेगाला तेवढं पुरतं, फुल थ्रॉटलला पुरत नाही. तुमचं लक्षण हेच आहे.

पडदे काढले की उजेडासमोर धरा. टाचणीएवढं भोक दिसलं तर फेकाच. भोक नसेल तर बोटानं हलवून बघा. चांगला पडदा बोटाबरोबर लवतो. जुना पापडासारखा कडक होतो आणि किंचित कडकड वाजतो. पंपाच्या छोट्या झडपा कडेनं वळल्यात का बघा, आणि कार्बच्या आतली बारीक जाळी विसरू नका. बाहेरचा फिल्टर स्वच्छ आणि आतली जाळी शेवाळासारख्या थरानं बुजलेली, असं मी दोनदा पाहिलंय. किट मिकुनीचंच घ्या. स्वस्त किटमधला पडदा नवा असतानाच कडक असतो.

सुईची स्प्रिंग मात्र कापू नका, ताणू नका. मिकुनीच्या स्प्रिंगा ६५, ८०, ९५ आणि ११५ ग्रॅमच्या मिळतात. कोणत्या दाबाला सुई उघडते, हे त्या आणि सुईच्या सीटचं माप मिळून ठरतं. पॉप-ऑफ गेजनं (सुई किती दाबाला उघडते ते दाखवणाऱ्या मीटरनं) दोन्ही कार्ब मोजा, दोन्ही जवळपास सारखे उघडले पाहिजेत आणि खालच्या दाबाला सुई गळता कामा नये. दोन्हींच्या बटरफ्लाय एकाच क्षणी उघडतात का तेही बोट लावून बघा.

कार्ब परत बसवायच्या आधी इंजिनाची हवा तपासा. इनटेक, एक्झॉस्ट आणि पल्सचं तोंड बंद करून हातपंपानं साधारण ७ पीएसआय भरा. मिनिटाला १ पीएसआयहून जास्त उतरला, तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. मी त्या वर्षी हे केलं असतं, तर पिस्टन वाचला असता.

आणि मग स्क्रू. आधी जिथे आहेत तिथून हलकेच बंद करत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा. जोर लावलात तर टोक बसकं होतं. या कार्बचे दोन्ही स्क्रू बाहेर फिरवले की पेट्रोल वाढतं. स्लो स्क्रू साधारण एक फेरा बाहेर ठेवून सुरुवात करा. तो थ्रॉटलच्या पहिल्या पाव भागाचा मालक. हाय स्क्रू आणि मेन जेट अर्ध्यापासून पुढे. एका वेळी फक्त एक-अष्टमांश फेरा, दोन्ही कार्बना सारखा, आणि तोही पाण्यात. स्टँडवर इंजिनाला ओझंच नसतं, तिथलं ट्यूनिंग पाण्यात खोटं पडतं. हाय स्क्रू थोडा रिच ठेवून सुरुवात करा, आणि गाडी स्वच्छ ओढायला लागली की थांबा, आणखी आत जाऊ नका. मग नवे बीआर८एचएस प्लग घालून मोकळ्या पाण्यात सरळ फुल थ्रॉटल द्या, आणि थ्रॉटल न सोडता लॅनयार्ड (मनगटाला बांधलेली इंजिन बंद करायची दोरी) ओढून इंजिन बंद करा. प्लग काढा. आत बुडाशी पोर्सिलीन कॉफीच्या रंगाचं हवं. पांढरं दिसलं तर लगेच पेट्रोल थोडं वाढवा. हळू चालवत परत आलात आणि मग प्लग बघितला, तर तो फक्त परतीचा रंग दाखवतो.

स्टँडवर दोन-तीन मिनिटं चालवायचीच असेल, तर आधी इंजिन, मग नळाचं पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केलंत तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरात जातं.

शेवटी तुम्ही विचारलंय की ३८ काढून सरळ ४४चे कार्ब टाकू का. आत्ता नको. बाकीचं इंजिन कंपनीचं असताना ३८ भरपूर आहेत. आणि ४४ लावलेत, तरी पेट्रोल त्याच टाकीतून, त्याच नॉबमधून येणार.