आधी जागा, मग फोकल लेंथ

प्रश्न : मी अमळनेरची असून सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ब्लेंडर या संगणकप्रणालीत घरांची थ्रीडी चित्रे करते. मामांची दहा बाय बाराची बैठक कॅमेऱ्यात मावेना, म्हणून फोकल लेंथ (हा आकडा लहान केला की चित्रात जास्त भाग मावतो) १८ केली. चित्र पाहून मामा म्हणाले, "आपली बैठक एवढी मोठी कुठे आहे?" मला हे जमणार नाही का? डिप्लोमा सोडून थ्रीडीचा कोर्स करू का? मी डिग्री करावी अशी पप्पांची इच्छा आहे.

उत्तर : प्रिय विद्यार्थिनीस,

मामांनी काढलेली शंका उद्या फ्लॅट घेणारा ग्राहकही काढील, म्हणून आधी तिचेच उत्तर देतो.

ब्लेंडरच्या नव्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटर फोकल लेंथ आणि ३६ मिलिमीटर रुंदीचा सेन्सर (चित्र टिपणारा पृष्ठभाग) असतो. तो संगणकातला कॅमेरा असल्याने त्यात खरे भिंग नसते. हे दोन आकडे मिळून फक्त दृश्यकोन ठरवतात, आणि तो येथे सुमारे ४० अंशांचा येतो. कॅमेरा एका भिंतीला टेकवलास तर समोरची भिंत बारा फुटांवर राहते. बाराला ३६ ने गुणून ५० ने भाग, म्हणजे त्या अंतरावर जेमतेम साडेआठ फूट रुंदी दिसते हे कळेल. तुझी भिंत दहा फुटांची असल्यामुळे ती मावलीच नाही. हेच गणित ३५ ला सव्वाबारा फूट देते, म्हणजे भिंत पुरती मावते. १८ ला ते चोवीस फूट देते, त्यामुळे समोरची भिंत चित्राच्या निम्म्याहून कमी रुंदीत आक्रसते आणि फार लांब असल्याचा भास होतो. शिवाय १८ वर चित्राच्या अगदी कडेला ठेवलेला गोल माठ जवळजवळ १.४ पट ताणला जातो, तर ३५ वर हा ताण १.१ पटीच्या आसपासच राहतो.

मात्र वस्तूंची आपसातली लहानमोठी प्रमाणे फोकल लेंथ ठरवत नाही, कॅमेरा कुठे उभा आहे ते ठरवते. फोकल लेंथ फक्त त्या जागेवरून किती भाग चौकटीत घ्यायचा ते सांगते. म्हणून आधी जागा निवड. खोली लहान असेल तर कॅमेरा मागच्या भिंतीच्या सहा फूट बाहेर ने आणि क्लिप स्टार्टचे अंतर (याच्या अलीकडचे काहीही कॅमेरा दाखवत नाही) एवढे वाढव की ती भिंत कॅमेऱ्याला दिसणार नाही. मग समोरची भिंत अठरा फुटांवर जाते आणि ५० वरही सुमारे तेरा फूट रुंदी मिळते. उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी, चारेक फूट ठेव आणि कॅमेरा खाली-वर झुकवू नकोस, नाहीतर खांब आणि चौकटी तिरक्या दिसतील. छत किंवा फरशी अधिक हवी असेल तर शिफ्ट वाय (कॅमेरा न झुकवता चौकट वर-खाली सरकवणारी सोय) वापर. आणखी एक, कीबोर्डवरचे एन दाबल्यावर दिसणारी फोकल लेंथ फक्त व्ह्यूपोर्टची (काम करताना दिसणाऱ्या खिडकीची) असते. रेंडर, म्हणजे अंतिम चित्र, कॅमेऱ्याच्या आकड्यानुसारच होतो.

आता तुझ्या वाटेविषयी. डिप्लोमा सोडू नकोस, असे मी ठामपणे सांगतो. ब्लेंडर मोफत आहे आणि आज्ञा घरी शिकता येतात; पण भिंतीची जाडी, लिंटेलची (दारा-खिडकीवरच्या तुळईची) उंची, जिन्याची पायरी ही जाण तुला वर्गात मिळते आहे आणि आर्किटेक्टला असाच माणूस हवा असतो. पप्पांचेही बरोबर आहे : डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि ते शिक्षण घेताना थ्रीडीची कामे सुरू ठेवता येतात.

पोर्टफोलिओसाठी नेटवरचे तयार मॉडेल उचलू नकोस. आपल्या खान्देशात धाब्याची (मातीच्या सपाट छताची) घरे अजून उभी आहेत. त्यांतले एक, मालकांना विचारून, टेपने मोजून घे. ओटा, सागाचे खांब, मातीचे जाड धाबे, आतली मंद उजेडाची खोली, हे सर्व मापात उभे कर. ही घरे वेगाने पडत आहेत, म्हणून त्यांची अचूक मापे कुणीतरी घ्यावीत असे मला मनापासून वाटते. त्याच खोलीची दोन चित्रे शेजारी ठेव, एक १८ चे आणि एक ३५ चे, आणि खाली कॅमेऱ्याची जागा, उंची व फोकल लेंथ लिही. जळगाव किंवा धुळ्यातल्या आर्किटेक्टच्या कार्यालयात सुट्टीतल्या कामासाठी जाशील तेव्हा हीच दोन पाने सर्वांत वर ठेव.