आगमनकाळ म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचा तयारीचा काळ, मग त्यात ख्रिस्ताच्या दुःखाचा विषय कशाला?

कारण गोठ्याची कथा सांगणाऱ्यांना क्रूस आधीच ठाऊक होता. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, दुसऱ्या अध्यायात तान्ह्या येशूला मंदिरात आणतात, तेव्हा शिमोन नावाचा भक्त त्याच्या आईला, मरियेला, सांगतो की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. बाळंतिणीला असं कोण बोलतं! मत्तयच्या शुभवर्तमानात मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, सोनं आणि ऊद यांच्यासोबत गंधरस हा सुगंधी डिंक आणतात, आणि योहान १९:३९ मध्ये निकदेम नावाचा यहुदी पुढारी येशूच्या दफनासाठी गंधरसच घेऊन येतो.

कॅथलिक चर्चमध्ये या काळात धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, ईस्टरआधीच्या उपवासकाळासारखाच. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, ग्लोरिया हे स्तुतिगीत गात नाहीत. तिसऱ्या रविवारी तेवढी गुलाबी रंगाची सूट. पहिल्या रविवारचं शुभवर्तमान तर बाळाबद्दल नसतंच, ख्रिस्त पुन्हा येईल त्याबद्दल असतं.

मला यात मोठा दिलासा वाटतो. ज्यांच्या घरात यंदा कोणी गेलंय, त्यांनी डिसेंबर उजाडला म्हणून हसलंच पाहिजे, असं आगमनकाळ म्हणत नाही. वेळ मिळाला तर बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ९वा आणि ५३वा अध्याय एका बैठकीत वाचा. पहिल्यात जन्मलेलं बाळ आहे, दुसऱ्यात दुःख सोसणारा सेवक.