धरमतरच्या बांधावर जायच्या आधी

अगं,

तुझं प्रपोजल दोनदा वाचलं. अख्खी कोकण किनारपट्टी, हवामान बदल, शाश्वत व्यवस्थापन, सगळं एका टायटलमध्ये घातलंयस, वाचून बरंही वाटलं आणि काळजीही वाटली, कारण एवढा किनारा तुझ्या तीन-चार वर्षांत मावायचा नाही. एक खाडी घे. मला विचारशील तर धरमतरची घे, पेण-अलिबागकडचा खारेपाट, तिथे बांधावर उभी राहिलीस की एका हाताला खाडी आणि तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, दुसऱ्या हाताला भातशेती, आणि मधे तो मातीचा बांध आणि त्यातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं झडपेचं दार.

आधी उघाडी समजून घे, बाकी सगळं नंतर. भरतीचं पाणी तिचं दार दाबून बंद करतं आणि ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून निघून जातं, म्हणजे शेत रिकामं व्हायला ओहोटीचे मोजके तासच मिळतात. समुद्र चढतोय म्हटलं की सगळ्यांना वाटतं पाणी बांधावरून आत येणार, पण त्याच्या कितीतरी आधी हे तास कमी होत जातात गं, आणि जुलैत मुसळधार पाऊस आणि उधाण एकदम आलं की भात आत तुंबलेल्या पाण्यातच कुजतो. समुद्र चढण्याची जगाची सरासरी २००६ ते २०१८ मध्ये वर्षाला साधारण ३.७ मिलिमीटर आहे, पण ती तशीच उचलून धरमतरला लावू नकोस, मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून समुद्राची पातळी मोजतायत, तो डेटा आधी बघ.

आणि बांधाला पडलेली प्रत्येक खांड, म्हणजे बांध फुटून झालेलं भगदाड, समुद्र चढल्यामुळे पडली असं तर अजिबात लिहू नकोस. खेकडे बांध पोखरतात, बार्जच्या लाटांनी माती सुटते असं लोक सांगतात (तेही मोजायला हवं, नुसतं ऐकून सोडू नको), आणि मुख्य म्हणजे दुरुस्ती वेळेवर होत नाही. पूर्वी गावच एकत्र येऊन बांध सांभाळायचं, १९४८ चा आणि मग १९७९ चा खारजमिनीचा कायदा आला तसं ते काम सरकारकडे सरकत गेलं. म्हणून म्हाताऱ्या माणसांकडे बस आणि विचार, खांड कुठल्या वर्षी पडली, कोणी बुजवली, किती दिवसांनी. हाही डेटाच आहे, सॅटेलाइटवर मिळणार नाही.

माझी चूक सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी सॅटेलाइट इमेज बघून खारफुटी वाढली म्हणून खूश झाले आणि गावातल्या बैठकीत तो हिरवा नकाशा दाखवला, तर एक आजोबा उठून जवळ आले, हिरव्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ही माझी शेती. खांड पडली, खारं पाणी आत राहिलं, तिवरं उगवली, आणि २००५ च्या हायकोर्टाच्या आदेशानंतर तिवरांना हात लावता येत नाही. तो आदेश हवाच होता, मी आजही त्याच्या बाजूने आहे, पण त्या आजोबांना काय उत्तर द्यायचं ते मला त्या दिवशी सुचलं नाही. आता वाटतं की खांड पहिल्या उधाणाच्या आत बुजली तर तिवरं बांधाच्या बाहेर राहतात, लाटा अडवतात, बांधही टिकतो आणि आत शेतीही राहते. हे माझं मत झालं, सिद्ध तू कर, चुकीचं निघालं तरी तसंच लिही.

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात एकदा जाऊन ये, खारं सोसणाऱ्या भाताच्या जाती त्यांनी काढल्यात, शेतकऱ्यांशी बोलताना उपयोगी पडेल.

येत्या अमावस्येच्या उधाणाला पहिली फेरी करू, मग अष्टमीला भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीला दुसरी, दोन्हीतला फरक डोळ्यांनी बघ. गमबूट नको, चिखलात रुततात, पट्ट्याचे जुने सँडल घाल. पाण्याचा खारेपणा मोजायला माझा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन जा, फक्त दर वेळी डिस्टिल्ड वॉटरने झिरो करून घे, तो थोडा सरकतो.

— मॅडम