बायोलॉजी मेजर नाही, मग मेडिकलचं काय?

अमेरिकेत राहणारे मराठी आई-वडील माझ्याकडे सल्ल्याला येतात तेव्हा बहुतेक वेळा एकच काळजी घेऊन येतात. मुलाला डॉक्टर व्हायचंय, तर कॉलेजात कोणतं मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, घ्यावं? बायोलॉजी सोडून दुसरं काही घेतलं तर मेडिकलची वाट बंद होईल का? न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाबरोबर या प्रश्नावर मी बराच काळ काम केलं. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ते इथे सांगते.

मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि वर्ष संपायच्या आत तिला मेजर जाहीर करायचं होतं. आईला बायोलॉजी हवं होतं. बाबा स्वतः इंजिनियर. त्यांचं म्हणणं, बायोमेडिकल इंजिनियरिंग घे. मेडिकल नाही मिळालं तरी हातात नोकरी राहील. मुलीला मात्र पहिल्या वर्षी स्टॅटिस्टिक्सची गोडी लागली होती. रोगाचे आकडे वाचायचे, औषधाचा खरंच उपयोग होतो का हे तपासायचं, यात ती रमायची.

"ताई, स्टॅटिस्टिक्स शिकलेल्या मुलीला मेडिकलच्या दारात तरी कोण उभं करील?" आईंनी विचारलं.

ही भीती कुठून येते ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे बारावीच्या ग्रुपवर सगळं ठरतं. बायोलॉजी सुटलं की मेडिकल सुटलं, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. अमेरिकेत रचनाच वेगळी आहे. आधी चार वर्षांची कोणतीही पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल. 'प्री-मेड' हे बहुतेक विद्यापीठांत मेजर नसतं, ती फक्त तयारी असते. मेडिकल कॉलेजं मेजर नाही, ठरावीक विषय मागतात : साधारण एकेक वर्ष बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, चारही लॅबसह, शिवाय बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्री, इंग्रजी लेखन आणि गणित किंवा स्टॅटिस्टिक्स. आधी विज्ञान शिकून मग मेडिकलला यायचं, ही शिस्त अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१०च्या फ्लेक्सनर अहवालानंतर पक्की झाली. विषय कुठल्या मेजरखाली शिकलात याला महत्त्व नाही. हॅरॉल्ड व्हार्मस इंग्रजी साहित्याचे पदवीधर. त्यांनी पुढे कोलंबियात मेडिकल केलं आणि १९८९ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आईंना उदाहरणापेक्षा आकडे हवे होते, आणि ते रास्तच होतं. एमडीसाठी (अमेरिकेत डॉक्टरकीची मूळ पदवी हीच) वर्षाला सुमारे ५२ हजार जण अर्ज करतात आणि साधारण २३ हजारांना प्रवेश मिळतो. अर्जदारांत निम्म्याहून जास्त बायोलॉजीवालेच असतात. पण प्रवेशाचं प्रमाण पाहिलं तर गणित-स्टॅटिस्टिक्सवाले त्यांच्या मागे नाहीत, किंचित पुढेच आहेत. मात्र तेवढ्यासाठी कुणी गणित घेऊ नये, हे मी त्याच बैठकीत सांगितलं. ती मुलं थोडी असतात, आणि मुळात गणितात पक्की असतात म्हणूनच तिथे असतात.

खरी काळजी करायची ती गुणांची. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए (सगळ्या ग्रेडचा मिळून चारपैकी गुणांक) ३.७७ च्या आसपास आहे आणि एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा सरासरी गुणांक ५१२ च्या आसपास (परीक्षा ४७२ ते ५२८ या पट्टीवर मोजली जाते). बहुतेक एमडी कॉलेजांचे अर्ज एएमसीएएस या सामाईक सेवेतून जातात, आणि ती सेवा दोन जीपीए काढते : एक सगळ्या विषयांचा, दुसरा विज्ञानाचा, म्हणजे फक्त बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचा. नापसंत ग्रेड मिळाली म्हणून विषय पुन्हा घेतला, तर दोन्ही ग्रेड मोजल्या जातात. जुनी पुसली जात नाही.

इथे या घरातला वाद एकदम वेगळा दिसायला लागला. स्टॅटिस्टिक्सचे विषय गणितात धरतात, म्हणजे मुलीच्या आवडत्या विषयातले ए तिच्या विज्ञानाच्या जीपीएत जमा होणार होते. बाबांच्या पसंतीचे इंजिनियरिंगचे विषय त्या गटात येत नाहीत. तिथे घाम गाळून मिळवलेली ग्रेड फक्त एकूण जीपीएत दिसते. बाबांनी ते दोनदा विचारून खात्री करून घेतलं. मग म्हणाले, "हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं."

मुलीची अडचण मेजरची नव्हतीच. जनरल केमिस्ट्रीच्या पहिल्या सत्रात तिला बी-मायनस होता, आणि ते ती घरी बोलली नव्हती. बायोलॉजी मेजर घेतलं असतं तरी ऑर्गॅनिक चुकत नव्हतं. अशा मुलांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगते : ऑर्गॅनिकच्या सत्रात दुसरा लॅबचा विषय शक्यतो घेऊ नका. आम्ही चार वर्षांच्या सत्रांचा तक्ता मांडला. ऑर्गॅनिकच्या दोन सत्रांत सोबत स्टॅटिस्टिक्सचे विषय ठेवले. फिजिक्स आणि बायोकेमिस्ट्री तिसऱ्या वर्षात. हायस्कूलमधल्या एपी (शाळेतच शिकायच्या कॉलेजच्या पातळीच्या) बायोलॉजीवर तिला कॉलेजची सुरुवातीची बायोलॉजी माफ झाली होती. बरीच मेडिकल कॉलेजं एपीवर समाधान मानत नाहीत, म्हणून वरच्या पातळीचे जेनेटिक्स आणि सेल बायोलॉजी लॅबसह घातले. कोणतं कॉलेज काय मागतं हे एमएसएआर या अधिकृत माहितीसंचात पाहता येतं. दुसऱ्या पालकांच्या ऐकीव माहितीवर हे ठरवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एमकॅटसाठी ती बायोकेमिस्ट्री झाल्यावरच बसणार. त्यामुळे, आणि अर्ज प्रवेशाच्या वर्षभर आधीच्या उन्हाळ्यात करावा लागत असल्यामुळे, पदवीनंतर एक वर्ष मोकळं राहतंय. आई दचकल्या. "म्हणजे ड्रॉप?" नाही. नीटसाठीचा ड्रॉप आणि हे वर्ष यांत फार फरक आहे. आज मेडिकलला दाखल होणाऱ्यांपैकी अर्ध्याहून जास्त मुलं पदवीनंतर निदान एक वर्ष संशोधनात किंवा रुग्णांबरोबर काम करून आलेली असतात. आणि बाबांना वाटणारी नोकरीची काळजी? आकडे समजणाऱ्या मुलीला औषधचाचण्यांच्या क्षेत्रात काम मिळतं. माझ्या मते मेजर निवडताना मेडिकलइतकंच याकडेही पाहावं. अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना त्या वर्षी प्रवेश मिळत नाही, आणि मग हातात राहते ती पदवीच.

मुलीने स्टॅटिस्टिक्स जाहीर केलं. ऑर्गॅनिकच्या पहिल्या सत्रात बी-प्लस मिळाला, आणि या वेळी तिने तो त्याच दिवशी घरी सांगितला. ती आता एका क्लिनिकमध्ये आठवड्यातून एक दुपार काम करते.

शेवटच्या भेटीत आईंनी पुण्यातल्या भाचीचं विचारलं. बारावीला आहे, तिलाही इकडे पदवीला पाठवून पुढे मेडिकल करायला सांगू का? मी नको म्हटलं. त्यांची मुलगी अमेरिकेची नागरिक आहे, भाची विद्यार्थी व्हिसावर येईल. बहुतेक अमेरिकी मेडिकल कॉलेजं परदेशी नागरिकांना घेत नाहीत, सरकारी कर्ज त्यांना मिळत नाही, आणि जी थोडी कॉलेजं घेतात त्यांतली काही अनेक वर्षांची फी आधीच ठेवून घेतात. डॉक्टरच व्हायचं असेल तर तिने नीट द्यावी, एमबीबीएस करावं, आणि अमेरिकेत यायचंच ठरलं तर यूएसएमएलई ही तिथली डॉक्टरांची परवाना परीक्षा देऊन रेसिडेन्सीसाठी, म्हणजे हॉस्पिटलातल्या पुढच्या प्रशिक्षणासाठी, यावं. एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदारांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, वाढणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांनीही हे लक्षात घ्यायला हवं. मूल २१ वर्षांचं झालं की तो व्हिसा संपतो, म्हणून मेजरच्या आधी ग्रीन कार्डच्या तारखेचा हिशेब करा.