बिघडलेल्या बॅच फेकून देऊ नकोस

तुझा मेसेज वाचला. क्वांटम डॉट्सच्या (काही नॅनोमीटरच्या सेमिकंडक्टर कणांच्या) तीन बॅच बिघडल्या म्हणून सरळ वेस्टच्या बाटलीत ओतल्या आणि फोटो पाठवलास तो फक्त चौथीचा, यूव्ही टॉर्चखाली लालभडक चमकणारी. फोटो झकासच आहे, पण खरं सांगू का, मला त्या तीन बघायच्या होत्या.

क्वांटम डॉट्समध्ये रंग फार लवकर मिळतो आणि तिथंच आपण फसतो. कॅडमियम सेलेनाइड तेच, कण 2 नॅनोमीटरच्या आसपास असला की निळसर, 6 च्या आसपास गेला की लाल, एवढं डोळ्यांना कळतं, पण बाटलीतले सगळे कण एकाच मापाचे आहेत का ते डोळ्यांना काही कळत नाही. त्यासाठी अ‍ॅब्सॉर्प्शन घे, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोज. पहिला एक्सायटॉन पीक (सगळ्यात लांब तरंगलांबीचं शोषणाचं शिखर) टोकदार दिसला तर ठीक, नुसताच उतार दिसला तर साइझ पांगलेत. एमिशनच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या, पीकची अर्ध्या उंचीवरची रुंदीही बघ, 25-30 नॅनोमीटर असेल तर छान, 50 आली तर रंग कितीही देखणा असो, काहीतरी गडबड आहे.

बहुतेकदा ही गडबड इंजेक्शनच्या वेळची असते. 1993 मध्ये रसायनशास्त्रज्ञ मौंगी बवेंडींच्या ग्रुपनं जी हॉट इंजेक्शनची पद्धत दाखवली तिची सगळी गंमत त्या एका झटक्यात आहे: 300 डिग्रीच्या आसपास तापलेल्या सॉल्व्हंटमध्ये प्रिकर्सर (कण ज्यापासून बनतात तो कच्चा माल) एकदम आत गेला की न्यूक्लियस, म्हणजे कणांची बीजं, सगळे एकाच वेळी बनतात, तापमान खाली येतं, नवे बनायचे थांबतात आणि आहेत तेच सावकाश वाढतात. सिरिंज हळूहळू दाबलीस तर मोठे कण वाढत असतानाच नवी पिल्लं जन्माला येत राहतात, मग साइझ सारखा कसा येणार!

आणि बाटलीचा लॉट नंबर लिहून ठेव, हे मी हसण्यावारी नाही सांगत. टीओपीओची (ट्रायऑक्टिलफॉस्फिन ऑक्साइड, रिअ‍ॅक्शनचं सॉल्व्हंट) जास्त शुद्ध बाटली आणली म्हणून मी खूश होतो आणि रिअ‍ॅक्शन मात्र हट्टानं बिघडत राहिली, दोन महिने मी स्टरिंगला, थर्मोकपलला, आर्गॉनला, सगळ्यांना दोष देऊन झाला. जुन्या कमी शुद्ध टीओपीओमधली फॉस्फोनिक अ‍ॅसिडची अशुद्धीच कणांची वाढ सांभाळत होती. आता लोक ते अ‍ॅसिड मुद्दाम मोजून घालतात. माझ्या वहीत लॉट नंबर असता तर हे दोन दिवसांत कळलं असतं.

रसायनशास्त्रज्ञ लुईस ब्रुस यांचं आठवतं ना? अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये कॅडमियम सल्फाइडचे कण बेंचवर तसेच राहिले, नंतर बघितलं तर ऑप्टिकल गुणधर्म बदललेले. सँपल खराब झालं म्हणून सोडून देणं सोपं होतं, पण कण वाढले असतील अशी शंका घेऊन त्यांनी लहान-मोठे कण शेजारी ठेवून तपासले, 1983 मध्ये ते छापून आलं, 2023 मध्ये बवेंडी आणि एकिमोव्ह यांच्यासोबत नोबेल. तुला नोबेल मिळेल असं नाही म्हणत हां, बिघडलेलं सँपल आधी मोज एवढंच.

क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनपैकी किती प्रकाश म्हणून परत आले) 85 टक्के आलं म्हणतोस, पण अ‍ॅब्सॉर्बन्स 0.1 च्या खाली होता का? नसेल तर सँपल फार दाट होतं, तो आकडा अजून कुणाला सांगू नकोस.

पाचवी बॅच कर, दर दोन मिनिटांनी थोडं थोडं काढून अ‍ॅब्सॉर्प्शन घे आणि चांगली-वाईट न निवडता सगळी स्पेक्ट्रा पाठव, तारखेसकट.