क्लासिक कार रेसिंग फक्त साठीच्या लोकांचीच का?

इंग्लंडमधल्या क्लासिक कार रेसिंगमध्ये सगळे हौशी ड्रायव्हर पन्नाशी-साठीचेच दिसतात, मग तिशीतल्या माणसाने तिकडे वळावं का, असं तुम्ही विचारलंय. मी इथे हौसेने मार्शलचं, म्हणजे ट्रॅकच्या कडेला उभं राहून झेंडे दाखवण्याचं आणि सुरक्षेचं काम करतो, त्यामुळे हेल्मेट काढल्यावरचे चेहरे जवळून दिसतात. पांढरे केस जास्त, हे खरं. पण ते मुख्यतः पैसा आणि सवड यांमुळे. घराचं कर्ज फिटलं, मुलं मार्गी लागली की मगच बहुतेकांना जुनी गाडी परवडते. त्यात पोरवयात जिच्यावर जीव जडला होता तीच गाडी हवी असते, म्हणून साठीतला माणूस साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीत बसलेला दिसतो.

वयाचा इथे फायदाही होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बऱ्याच गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश, म्हणजे गिअर बदलताना चाकांचे वेग आपोआप जुळवणारी यंत्रणा, नसतो. वळणाआधी गिअर उतरवताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलका झटका, पुन्हा क्लच आणि मग गिअर. हे सगळं ब्रेकवरचा पाय न काढता. चुकलं की गिअरच्या दातांचा करकराट आम्ही मार्शल उभे असतो तिथपर्यंत ऐकू येतो. मुरलेल्या हातांकडून तो फारसा येत नाही. अर्थात शरीराची मर्यादा असतेच. ब्रिटनचा नामवंत फॉर्म्युला वन ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस हौशी नव्हता, पण 2011 मध्ये फ्रान्समधल्या ल मां सर्किटवर, वयाच्या 81व्या वर्षी, गाडी चालवताना त्याला स्वतःचीच भीती वाटली आणि त्याच दिवशी त्याने निवृत्ती जाहीर केली. मला तो निर्णय फार मोठा वाटतो.

तरुण कुठे दिसतात? एक म्हणजे हिस्टॉरिक फॉर्म्युला फोर्डमध्ये, म्हणजे जुन्या, एकाच सीटच्या रेसिंग गाड्यांच्या शर्यतींत. 1600 सीसीचं फोर्ड इंजिन, गाडीला हवेने खाली दाबणारे पंख (विंग) नाहीत, आणि जुन्या सिंगल-सीटरमध्ये खर्च त्यातल्या त्यात आवाक्यातला. दुसरं म्हणजे व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या शर्यतींत, ऑस्टिन सेव्हन घेऊन. 1922 साली आलेली ही चिमुकली गाडी अनेकदा घरातलीच असते. आजोबांनी बांधलेली, आता नात चालवते. अशी मुलं वाढायला हवीत असं मला मनापासून वाटतं, कारण ही इंजिनं जुळवणारे हातही म्हातारे होत चाललेत.

तेव्हा जरूर या. इथे रेसिंग लायसन्स सोळाव्या वर्षापासून मिळतं, वरची वयोमर्यादा नाही. फक्त गाडी घेण्याआधी एक हंगाम एखाद्या टीमबरोबर पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात त्या आवारात, काढा. टायर बदलता बदलता खरा खर्च कळतो, आणि कोणती गाडी कोण विकायला काढतंय हेही तिथेच कानावर येतं.