रिव्ह्यूंच्या वहीतलं शेवटचं पान

मी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबद्दल सल्ला देते. जून-जुलैत माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक घराचा हा प्रश्न असतो. "मॅडम, नेटवर या कॉलेजला ४.३ रेटिंग आहे, त्याला ३.७. मग पसंतीच्या यादीत ४.३ वालंच वर टाकायचं ना?" आणि लगेच दुसरं कोणीतरी म्हणतं, "पण खाली एकानं फार वाईट लिहिलंय हो." पूर्वी मी याचं उत्तर दोन वाक्यांत देऊन मोकळी व्हायचे. गेल्या वर्षी बार्शीहून आलेल्या एका मुलीनंतर तसं करणं सोडलं. तिला इथे मृण्मयी म्हणू. तिच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

कॅप म्हणजे राज्याची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. तिच्या पहिल्या फेरीचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरायला चार दिवस उरले होते. सोलापुरातल्या माझ्या खोलीत तिघं आले. वडिलांचं बार्शीत भुसार मालाचं दुकान. आई खुर्चीच्या कडेवर बसलेली, पर्स मांडीवर घट्ट धरून. मृण्मयीनं बसायच्या आधी एक दोनशे पानी वही टेबलावर ठेवली. एका पानावर एक कॉलेज. वर कॉलेजचा कोड, खाली तीन संकेतस्थळांवरचं रेटिंग, त्यांची दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत काढलेली सरासरी, आणि त्याखाली हिरव्या शाईत चांगलं, लाल शाईत वाईट. अशी एक्केचाळीस कॉलेजं. अक्षर मोत्यासारखं.

"रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतीय," वडील म्हणाले. "धड जेवत नाही. मी म्हणलं, बाळा, सोलापुरात घे, घराजवळ आहे. तर म्हणती, पप्पा, त्याला ३.८ च आहे."

मी वही चाळत गेले. शेवटच्या पानावर कॉलेजचं नाव नव्हतं. लाल शाईनं आखलेल्या चौकटीत एकच ओळ होती : "माझी चार वर्षं वाया गेली. इथे कोणीही येऊ नका."

"हे कुठल्या कॉलेजचं?"

"आठवत नाही."

"मग लिहून का ठेवलंस?"

तिनं आईकडे बघितलं. आईनं पर्सची चेन उघडली, परत लावली. मी तो विषय तिथेच सोडला. अशा जागी घाई केली की माणूस मिटून जातं.

तिला ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची ब्रँच, हवी होती, आणि वहीतली दोन कॉलेजं तिच्या मार्कांत बसण्यासारखी होती. एक ४.३, एक ३.७. मी तिला शिसपेन्सिल दिली आणि दोन्हींचे रिव्ह्यू काढून दिले. म्हटलं, "ज्या वाक्याची खातरजमा आपण करू शकू, त्याच्याचखाली रेघ मार. बाकीचं सोडून दे."

४.३ ला सगळे मिळून सव्वीस रिव्ह्यू होते. उत्तम फॅकल्टी, छान कॅम्पस, शंभर टक्के प्लेसमेंट. पेन्सिल हातातच राहिली. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "मॅडम, यातले नऊ जूनच्या एकाच आठवड्यातले आहेत. आणि हे दोन तर शब्दाला शब्द सारखे."

३.७ ला सहाशेच्या वर होते, आणि तिथे रेघा सुरू झाल्या. लॅबमधले अर्धे ऑसिलोस्कोप बंद. मुलींच्या हॉस्टेलला आठवड्यातून दोन दिवस टँकरचं पाणी. सेकंड इयरला सिग्नल्स शिकवणारे सर जीव तोडून शिकवतात. मेसची भाजी तोंडात घालवत नाही. ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडं. एक तारा दिलेल्यांची गर्दी कुठे आहे हेही तिनं शोधलं. बहुतेक २०२० आणि २०२१ मधले. वर्ग मोबाइलवर, हॉस्टेल बंद, फी मात्र पूर्ण मागितली, हा त्या मुलांचा संताप होता आणि तो रास्तच होता. पण तो आजही त्या सरासरीत बसून आहे, आणि २०२५ मध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलीला तो आकडा आजच्या कॉलेजचा वाटतो.

पालकांना मी हे आवर्जून सांगते. काही संकेतस्थळं अनुभव लिहिल्याबद्दल मुलांना पैसे किंवा व्हाउचर देतात. असं लिहिलेलं सगळं खोटं नसतं, पण रकाने भरायचे म्हणून लिहिलेलं वाचताना कळतं. एरवी आपण होऊन लिहायला बसतात ते फार खूश असलेले किंवा फार पोळलेले. मधली मुलं सबमिशनच्या गडबडीत असतात, ती लिहीत नाहीत. म्हणून मी दोन ते चार तारेवाले रिव्ह्यू आधी वाचते. तिथे "हे बरं आहे, पण" असतं, आणि त्या "पण"पुढे कामाचं काही सापडतं. ब्रिटनमध्ये २००५ पासून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची देशपातळीवर पाहणी होते. तिथे एखाद्या अभ्यासक्रमाच्या निम्म्या मुलांनीही उत्तरं दिली नाहीत तर त्याचा निकाल जाहीर करत नाहीत. आपल्याकडे हजारो मुलांच्या कॉलेजचं भवितव्य सव्वीस जण सांगतात, आणि आपण त्याची दशांश स्थळं मोजत बसतो.

वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही पोत्याच्या तोंडाचा माल बघून कधी भाव करत नाही. लोखंडी सळई मधे खुपसतो, आतला दाणा हातावर घेतो, दाताखाली धरतो. यात तशी सळई कुठं घालायची, ते सांगा."

सळई आहे. एनआयआरएफ ही केंद्र सरकारची क्रमवारी, २०१६ साली तिची पहिली यादी आली. ही यादी मी फारशी बघत नाही. मात्र तिच्यासाठी कॉलेजं जी माहिती भरतात, ती त्यांना स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती पीडीएफ शोधायची. तिच्यात एक तक्ता असतो : अमुक वर्षी पहिल्या वर्षाला किती मुलं आली, त्यातली किती ठरलेल्या मुदतीत पास होऊन बाहेर पडली, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती, किती जण पुढे शिकायला गेले.

मध्यक म्हणजे काय, हे मृण्मयीनंच वडिलांना समजावलं. दहा जणांतल्या नऊ जणांना साडेतीन लाख आणि एकाला चाळीस लाख मिळाले, तर सरासरी सात लाखांच्या वर जाते. जाहिरातीत ती छापतात. मध्यक मात्र साडेतीन लाखच राहतो. वडिलांनी मान हलवली. "म्हणजे एक पोतं बासमती आणि नऊ पोती कणी."

मला स्वतःला पगारापेक्षा आधीचा रकाना महत्त्वाचा वाटतो : किती आली आणि चार वर्षांत किती बाहेर पडली. या दोन आकड्यांमधल्या फरकात केटी, म्हणजे मागे राहिलेले विषय, असतात, वायडी, म्हणजे वाया गेलेली वर्षं, असतात, मधेच घरी परतलेली मुलं असतात. ती रिव्ह्यू लिहायला येत नाहीत.

"पण हे आकडे कॉलेजच भरतं ना? मग खरे कशावरून?" वडिलांनी विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता. अमेरिकेतल्या कोलंबियासारख्या विद्यापीठात हे घडलं आहे. एका नामांकित क्रमवारीत ते दुसऱ्या क्रमांकावर होतं. २०२२ मध्ये तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकांनी विद्यापीठानं दिलेल्या आकड्यांतल्या विसंगती दाखवून दिल्या, आणि त्याच वर्षी ते अठराव्या क्रमांकावर आलं. त्यामुळे तक्ता हाही एक साक्षीदारच धरायचा. रिव्ह्यू एक साक्षीदार, तक्ता दुसरा, आणि तिसरे आपले डोळे. तिघं एकच सांगायला लागले की पाऊल टाकायचं.

इथे एक कबुली देते. सुरुवातीच्या वर्षांत मी नॅक या कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची श्रेणी बघून बिनधास्त सल्ला द्यायचे. माझ्या शब्दावर एक मुलगा चांगल्या श्रेणीच्या कॉलेजात गेला. त्यानं घेतलेली ब्रँच तिथे नुकती सुरू झाली होती आणि शिकवायला पुरेसं कोणी नव्हतं. नॅकची श्रेणी सबंध संस्थेला मिळते, एनबीए या दुसऱ्या राष्ट्रीय संस्थेचं मानांकन त्या त्या अभ्यासक्रमाला. तेव्हा हा फरक मी त्याला सांगायला हवा होता. त्याची आई वर्षभरानं भेटली तेव्हा काही बोलली नाही, आणि तेच मला लागलं.

तासाभरानं मी परत शेवटच्या पानावर आले. या वेळी आई बोलली.

मृण्मयीचा चुलतभाऊ चार वर्षांपूर्वी शिकायला पुण्याला गेला होता. कॉलेज चकचकीत, फी भरपूर. मोठ्या दिरांनी त्यासाठी शेताचा तुकडा विकला. पहिल्याच वर्षी त्याची वायडी लागली, दुसऱ्या वर्षी तो घरी आला तो परत गेलाच नाही. "आता त्याचं नाव निघालं की सगळे हळू बोलतात," आई म्हणाली. मृण्मयी खाली बघत होती. मग म्हणाली, "दादानं कुठं काही लिहिलंय का, तेच मी शोधत होते. त्याचं नाही सापडलं. हे सापडलं."

रात्री दोनपर्यंतचं वाचन कशासाठी चाललं होतं, ते आता कळलं. एवढं सगळं वाचून घेतलं तर पप्पांचे पैसे बुडणार नाहीत, असं तिला वाटत होतं. या भीतीला ४.३ चा आकडा काय उत्तर देणार? मी तिला विचारलं, दादाचं नेमकं काय बिघडलं, हे कधी त्याला विचारलंस का? नव्हतं विचारलं. घरात कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आज संध्याकाळी विचार.

पैशाच्या भीतीवर मात्र ठोस उत्तर होतं आणि ते त्यांना माहीतच नव्हतं. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की ही सवलत जाते. मृण्मयी या नियमात बसत होती. वडिलांनी शासन निर्णयातला तो परिच्छेद दोनदा वाचायला लावला. हॉस्टेल आणि मेसचा खर्च तेवढा त्यांच्या डोक्यावर राहत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दोन्ही कॉलेजं बघायला पाठवलं. वर्ग भरतात अशा वारी जा, प्रवेशाच्या खिडकीशी वेळ घालवू नका, चारनंतर फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर थांबा. सीनियर मुलींना "कॉलेज कसं आहे" हे विचारूच नका, त्याला "बरं आहे" एवढंच उत्तर मिळतं. काल किती तास झाले, शेवटचं प्रॅक्टिकल कधी झालं, पहिल्या वर्षाला वर्गात किती जण होता आणि आता किती आहात, हे विचारा. आणखी एक गोष्ट मी आईला बजावली. छळ किंवा रॅगिंगची एक जरी तक्रार वाचनात आली असेल, तर ती सरासरीत विरघळू द्यायची नाही. अंतर्गत तक्रार समितीची आणि रॅगिंगविरोधी समितीची नावं फलकावर लावलेली आहेत का ते बघायचं, आणि त्या समित्या खरोखर बसतात का हे मुलींना विचारायचं.

संध्याकाळी मृण्मयीचा फोन आला. आवाजात गेल्या दिवसाचा थकवा नव्हता. ३.७ वाल्या कॉलेजच्या ग्रंथालयात तिनं सिग्नल्सचं पुस्तक काढून पहिलं पान उघडलं होतं. परतीच्या तारखांचे शिक्के चिठ्ठीभर, शेवटचा मे महिन्याचा. दुसऱ्या कॉलेजात तेच पुस्तक काचेच्या कपाटात होतं, कुलूप लावलेलं. किल्ली आणून उघडलं तर चिठ्ठी कोरी. आई तोवर रेक्टरबाईंबरोबर हॉस्टेलचे नळ सोडून बघत होती. टँकरची गोष्ट खरी निघाली, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. वडील फाटकापासून एसटी थांब्यापर्यंत पायी जाऊन आले. सात मिनिटं, रस्त्यावर दिवे आहेत.

४.३ वालं कॉलेज वाईट होतं, असं मी म्हणणार नाही. तिथली कॉम्प्युटरची ब्रँच जुनी आणि एनबीए मानांकन असलेली. ई अँड टीसी मात्र दोनच वर्षांपूर्वी सुरू झालेली. मृण्मयीला कॉम्प्युटर हवं असतं, तर मी कदाचित तिथेच जा म्हटलं असतं. त्या सव्वीस रिव्ह्यूंत बहुतेकांनी आपली ब्रँच लिहिलीच नव्हती.

फॉर्म तिनं स्वतः भरला. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ती जागा आपोआप पक्की होते, त्यामुळे पहिल्या क्रमांकावर काय टाकायचं यावर रात्री दहापर्यंत फोन चालले होते. शेवटी मार्कांच्या जरा बाहेरचं, पण मनापासून हवं असलेलं पुण्याचं एक कॉलेज तिनं वर टाकलं, आणि ३.७ दुसऱ्या क्रमांकावर. दुसऱ्या फेरीत दुसरं लागलं.

दादाशी ती बोलली. त्याला तिथलं इंग्रजीतलं शिकवणं पहिल्या महिन्यापासूनच कळत नव्हतं, आणि ते घरी सांगायची लाज वाटत होती. आता तो सोलापुरात आयटीआय करतोय.

ऑक्टोबरमध्ये मृण्मयीचा पुन्हा फोन आला. गणितात पहिल्या चाचणीला कमी मार्क पडले होते. हे तिनं घरी त्याच दिवशी सांगितलं होतं. वडील एवढंच म्हणाले, "सरांना विचार." मग मेसचा विषय निघाला. "मॅडम, भाजीबद्दल लिहिलेलं सगळं खरं होतं," ती म्हणाली. आता आई दर पंधरा दिवसांनी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवते, आणि अख्खी खोली त्यावर तुटून पडते.